मास्तरांचं अर्ध्या तासाचं भाषण

धुळे, ९ ऑक्टोबर १९२७

हलीमा,

तुला काय म्हणून हाक मारायची हे काझीसाहेबांना विचारायला हवं होतं, पण ते माझ्या सलामाला उत्तर देत नाहीत. त्यांच्या मते मी वाचनालयात उभा राहून बोललो तेव्हाच आपला निकाह तुटला. म्हणजे काय की, साडेसहाला तू माझी बायको होतीस आणि सातला टाळ्या पडल्या तेव्हा परकी बाई झालीस. तुझे वडील तुला एरंडोलला घेऊन गेले त्याला आज आठ दिवस झाले. या आठ दिवसांत मी तीनदा भात करपवला.

तिथे मी काय बोललो ते तुझ्या कानावर तिखटमीठ लावून आलं असेल, म्हणून खरं लिहितो. मी म्हणालो, "माझा विश्वास राहिलेला नाही. पाच वर्षं मी नमाजात ओठ हलवत होतो आणि मनात दिडकीचा पाढा म्हणत होतो. असं खोटं वागणं आता जमत नाही. म्हणून आजपासून मी स्वतःला मुसलमान म्हणवून घेणार नाही." एवढंच. अर्धा तास लागला, कारण मी मास्तर आहे. कुणाला शिवी दिली नाही, पैगंबरांबद्दल वेडावाकडा शब्द काढला नाही.

दुसऱ्या दिवशी जमातीचे चौधरी बुढनचाचा घरी आले. मला वाटलं काठी घेऊन आले. पण ते फार समजुतीने बोलले. "मास्तर, तुले नमाज पढ अशे कोन सांगस? निम्मी जमात पढत नही. पन त्या सांगत फिरतस का?" मी म्हणालो, तेच तर, मला सांगायचं होतं. त्यांनी कपाळाला हात लावला आणि जमातीत माझं हुक्कापाणी बंद केल्याचं सांगून गेले. मशिदीसमोरच्या हॉटेलवाल्याने माझा कप वेगळा काढला आहे. बामणाच्या हॉटेलात तो आधीपासून वेगळा होताच, तेव्हा तिथे काही बदल नाही.

एक चांगली बातमी. जळगावचे भाईदास वकील भेटून गेले. ते धर्मजागृती मंडळाचे चिटणीस आहेत. त्यांना माझं भाषण मोठ्या मैदानात, चार हजार लोकांपुढे हवं आहे. वाचनालयात एकोणचाळीस होते, त्यातले दोघे वर्तमानपत्र वाचत होते.

तू परत येशील ना?

गुलाब

*

एरंडोल, १५ ऑक्टोबर

मास्तर यांस सलाम.

तुम्ही मला बाराखडी शिकवली तेव्हा माझी आई म्हणाली होती, हिला कशाला अक्षरं. आता कळलं कशाला.

तुमच्या कार्डाने इथे काय झालं ते आधी ऐका. वर बिस्मिल्लाचा सातशे शहाऐंशी हा आकडा नाही आणि श्रीही नाही. हिंदूंकडे मयताच्या पत्रावर श्री घालत नाहीत, म्हणून टपालवाला झुलाल दारातूनच ओरडला, "बाई, मास्तरना कागद शे, वर काहीच लिखेल नही." आईने तिथेच बसकण मारली. आतल्या बाया धावत आल्या आणि तुम्ही वारलात म्हणून रडायला लागल्या. मी म्हटलं जिवंत आहेत, भात करपवला असं लिहिलंय. तर जास्त रडल्या. यापुढे वर काहीही लिहा, वाटलं तर दिडकीचा पाढा लिहा, पण पाकिटात घाला.

मला इद्दतीत बसवलंय. निकाह तुटला की बाईने तीन महिने घरात बसायचं, मग दुसरं लग्न करायला ती मोकळी, हे तुम्ही विसरला असाल. माझे तीन महिने पौष लागता लागता संपतात. बाबांनी मुलगासुद्धा पाहून ठेवलाय. मुलगा म्हणजे भडगावचे करीमभाई, वय पंचेचाळीस, गाद्या-उशांचं दुकान. पाहायला आले तेव्हा नमुन्याची उशी घेऊन आले. उशी चांगली आहे. बाकी काही सांगण्यासारखं नाही.

येशील ना म्हणता. मी गेले कुठे होते? मला नेलंय. आणि एक विचारते. अर्धा तास तुम्ही एकोणचाळीस लोकांना सांगितलंत, त्यात दोघे पेपर वाचत होते. त्याआधी चुलीपाशी मला पाच मिनिटं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? मी तर पेपरही वाचत नव्हते. तुम्ही नमाज मनापासून पढत नाही हे मला ठाऊक होतं. तुमच्या वाट्याची दुआ मीच मागत होते. पण तुम्ही माझे उरणार नाही, हे मला शेजारणीकडून कळलं.

हलीमा

*

धुळे, २८ ऑक्टोबर

हलीमा,

तुला आधी सांगायला हवं होतं. तू रडशील म्हणून भ्यालो. यापेक्षा चांगलं कारण शोधायचा मी आठ दिवस प्रयत्न केला, सापडलं नाही.

आता करीमभाईंना तोंड द्यायचं तर माझ्यामागे चार माणसं हवीत, म्हणून रविवारी जळगावला मंडळात गेलो. मंडळाचे अध्यक्ष रुपचंद शेठ, जिनिंगवाले. त्यांनी मला प्रेमाने ओसरीवर बसवलं. बाकीचे दिवाणखान्यात बसले आणि खिडकीतून माझ्याशी बोलले. जेवणही ओसरीवरच वाढलं, पत्रावळीवर, पाणी वरून ओंजळीत. शेठ म्हणाले, "शुद्धी होऊन हिंदू झालात की आत या, मास्तर." भाईदास मागून हळूच म्हणाले की आत म्हणजे दिवाणखान्याच्या उंबऱ्यापर्यंत.

मला कोणत्या जातीत घालायचं यासाठी उपसमिती नेमली आहे. आपण पिंजारी, म्हणजे काय की, कामकाज कापसाचं. कुणबी म्हणाले, कापूस पिकवतो तो कुणबी, पिंजतो तो नव्हे. साळी म्हणाले, विणतो तो साळी. शिंपी म्हणाले, आमच्यात कशाला, मास्तर विद्वान आहेत, आमच्याहून वरच्या जातीत घाला. वरच्या जातीवाले म्हणाले, कुणब्यांना अग्रमान द्यावा. इतका विनय मी एका खोलीत कधी पाहिला नव्हता.

नावही बदलायचं आहे. गुलाब हे यावनी नाव, म्हणून गुणप्रकाश. मी म्हणालो, तुमच्या कारकुनाचं नाव गुलाबचंद आहे. त्यावर म्हणाले, तो जन्माने आहे.

शेवटी मी स्पष्ट सांगितलं, की मी एका धर्मातून निघालो तो दुसऱ्यात शिरण्यासाठी नव्हे. पंचगव्यावरही माझा विश्वास नाही. भाईदास मनापासून हसले. "मास्तर, आमचा तरी कुठे आहे? फक्त व्यासपीठावर तसं बोलू नका." पण अर्धा तास मला माझं बोलायला देतील, असं त्यांनी कबूल केलं आहे. चार हजार लोक, हलीमा. आयुष्यात एकदा तरी माणसाचं म्हणणं कुणी नीट ऐकावं असं वाटतं.

गुलाब

*

एरंडोल, ७ नोव्हेंबर

मास्तर यांस सलाम.

बुढनचाचा म्हणाले, पढू नका पण सांगू नका. वकील म्हणाले, मानू नका पण सांगू नका. तुम्ही दोघांची ओळख करून द्या, सोयरीक जमेल.

तुमच्या मंडळाची पत्रकं इथे पोचली. आमच्या भिंतीवर एक, मारुतीच्या पारावर एक. त्यात लिहिलंय, सुप्रसिद्ध विद्वान गुलाब पिंजारी "आपली धर्मपत्नी हलीमा हिच्यासह" शुद्ध होणार, आणि तिचं नाव सुमती ठेवण्यात येणार. बाबांनी ते झुलालकडून दोनदा वाचून घेतलं आणि जेवले नाहीत.

मास्तर, मला कुणी विचारलं? काझींनी मला तुमच्यापासून सोडवलं, ते मला न विचारता. बाबांनी करीमभाईंना शब्द दिला, मला न विचारता. आता तुमचे वकील मला सुमती करतात. निदान करीमभाईंनी उशी कशी आहे एवढं तरी विचारलं.

शेजारच्या ताईबाई हळूच अभिनंदन करायला आल्या. "बरं झालं हो, आमच्यात येताय." मी पाणी दिलं तर म्हणाल्या, इतक्यात नको.

आता नीट ऐका. तुम्ही तुमचा दीन सोडला, तो तुमचा प्रश्न. मी माझा सोडलेला नाही, सोडणार नाही. आणि तुम्हालाही सोडलेलं नाही. या दोन्ही गोष्टी एका बाईत मावतात, हे मंडळाला आणि जमातीला समजत नाही. तुम्हाला समजतं की नाही ते मला कळू द्या. पत्रकातून माझं नाव काढा.

हलीमा

*

धुळे, २२ नोव्हेंबर

हलीमा,

परवा भाषण झालं. झालं म्हणवत नाही. तुझं नाव पत्रकातून काढायला सांगितलं, तर भाईदास म्हणाले, छापून झालं आहे, तुम्हीच तोंडी सांगा. मी ठरवलं, सांगू.

मैदान भरलं होतं. व्यासपीठाच्या डाव्या हाताला बँड होता. मला वाटलं स्वागतासाठी. मी उभा राहिलो आणि वाचनालयात बोललो तेच बोलायला लागलो. विश्वास उरला नाही म्हणालो, टाळ्या. खोटं वागवेना म्हणालो, आणखी टाळ्या. मी इतका फुललो की काय सांगू. मग म्हणालो, "हेच मी सगळ्या धर्मांबद्दल म्हणतो. ज्या मंडळाने मला ओसरीवर जेवायला घातलं, त्याच्या शुद्धीवरही माझा विश्वास नाही. माझी बायको नेमाने नमाज पढते आणि ती माझ्याहून शुद्ध आहे." एवढ्यात बँड सुरू झाला.

मी थांबलो, तोही थांबला. मी तोंड उघडलं, तो वाजला. असं चार वेळा झालं. नंतर क्लॅरिनेटवाला भला माणूस मला कोपऱ्यात म्हणाला, "मास्तर, राग धरू नका. मास्तर घसरले की वाजव, अशी आधीच सूचना होती." लोक समाधानाने घरी गेले. त्यांना वाटलं, बँडही कार्यक्रमातलाच.

पण खरं दुःख पुढे आहे. दुसऱ्या दिवशी साप्ताहिकात माझं भाषण छापून आलं, अथपासून इतिपर्यंत, वकिलांनी माझ्यासाठी लिहून ठेवलेलं. त्यात मी तुझ्या वडिलांना आडदांड म्हटलंय, जमातीला रानटी म्हटलंय, आणि लहानपणापासून गुप्तपणे गायीची पूजा करत होतो असंही म्हटलंय. मी खुलासा घेऊन संपादकांकडे गेलो. ते म्हणाले, "मास्तर, तुम्ही छापील भाषणात फार छान बोललात. खुलाशात तसे बोलत नाही."

चार हजारांनी मला ऐकलं नाही, आणि सगळा खानदेश मी न बोललेलं वाचतो आहे. तुझ्या वडिलांना सांग, मी तसं म्हणालो नाही. तू तरी विश्वास ठेव.

गुलाब

*

एरंडोल, २ डिसेंबर

मास्तर यांस सलाम.

ते भाषण आमच्या अंगणात जमातीपुढे मोठ्याने वाचलं गेलं. बाबा खाली मान घालून ऐकत होते. मी आतून म्हटलं, हे त्यांचं नाही. ते दर चार वाक्यांनी "म्हणजे काय की" म्हणतात, यात एकदाही नाही. शिवाय त्यांना गाय दिसली की ते रस्ता बदलतात. बाया हसल्या. पुरुषांनी ऐकलं नसल्यासारखं केलं. घरातून बोललेलं अंगणात जात नाही.

जमातीने ठरवलंय ते कळवते. तुम्ही सात जानेवारीपर्यंत इथल्या मशिदीत येऊन चारचौघांत कलमा पढून पुन्हा मुसलमान व्हायचं. मग तिथल्या तिथे नवा निकाह लावून मला तुमच्याबरोबर पाठवतील. नाहीतर आठ तारखेला, रविवारी, करीमभाई. बुढनचाचा मुद्दाम धुळ्याहून आले होते. ते म्हणाले, "तोंडथिन म्हन, मनमा काय शे ते कोन देखस?"

मी तुम्हाला काही सांगत नाही. निरोप पोचवायला सांगितला, तो पोचवला.

हलीमा

*

धुळे, १६ डिसेंबर

हलीमा,

चौदा दिवस विचार केला. शाळेत मुलं माझ्याकडे बघतात आणि मी फळ्याकडे बघतो. घरी आलो की तुझं जातं कोपऱ्यात दिसतं. परवा हेडमास्तर म्हणाले, मास्तर, तुमचं तत्त्व मोठं आहे. मी म्हणालो, हो, आणि घर एवढं मोठं आहे की त्यात माझाच आवाज घुमतो.

मी येतो. सात तारखेला सकाळच्या मोटारीने एरंडोलला उतरीन आणि म्हणायचं ते म्हणीन. पाच वर्षं ओठ हलवले, आणखी एक मिनिट हलवीन. जगाला खरं सांगून पाहिलं, त्याचा त्यांनी बँड केला. आता खोटं सांगून तू मिळत असशील तर हा सौदा मला कबूल आहे. मला तू हवी आहेस. हे मी कोणत्याही व्यासपीठावर बोललो नाही, पण एवढंच एक बोलणं असं आहे ज्यात मला कधी शंका आली नाही.

गुलाब

*

एरंडोल, २४ डिसेंबर

मास्तर,

शेवटचा परिच्छेद मी सात वेळा वाचला. आईने विचारलं, काय लिहिलंय. मी म्हटलं, हवामान.

आता सांगते, येऊ नका.

कलमा तुमच्यासाठी एक मिनिटाचे ओठ असतील. माझ्यासाठी तो कलमा आहे. मी तो रोज म्हणते, खरा मानून म्हणते. आपला मुलगा पटकीत गेला त्या दिवशी मी तोच म्हणत बसले होते, तुम्ही माझा हात धरून होतात. तो तुम्ही मला मिळवण्यासाठी, मनात पाढे म्हणत, माझ्याच अल्लाहपुढे खोटा म्हणणार. असा खोटा कलमा माझ्या मेहेरात नको. तुम्ही खोटं बोलवत नाही म्हणून घर मोडलंत, मास्तर. मी इतके दिवस रागावले, पण निम्मी मी मनातून तुमच्या बाजूची होते. आता खोटं बोलून घर जोडलंत तर मोडलं कशासाठी होतं?

जमात तुमच्याकडून खोटं मागते आणि मंडळही खोटंच मागतं. मी मागत नाही. तेवढा तरी फरक माझ्यात आणि त्यांच्यात राहू द्या.

आठ तारखेचं मी बघते.

हलीमा

*

धुळे, २ जानेवारी १९२८

हलीमा,

येत नाही. तू नको म्हणालीस ते बरोबर आहे, आणि ते बरोबर असल्याचं मला फार वाईट वाटतं.

पण आठ तारखेचं तू काय बघणार? वडिलांना नाही म्हणून सांग. पळून येणार असशील तर मी कुठे उभा राहू ते कळव. मंडळाचा धावा मी करणार नाही, त्यांचा बँड येईल. काही सुचत नाही. दोन ओळी तरी लिही.

गुलाब

*

एरंडोल, ९ जानेवारी

मास्तर यांस सलाम.

दोन ओळी लिहायला उशीर झाला, कारण आमच्याकडे काल लग्न होतं. माझंच.

बाबांना मी नाही म्हणून दहा वेळा सांगितलं होतं. जेवताना सांगितलं, धनुकली ठोकताना सांगितलं, पिंजलेल्या कापसाच्या ढिगावर उभी राहून सांगितलं. ते म्हणाले, होईल सवय. तेव्हा मला कळलं, घरात म्हटलेलं ऐकायची आपल्याकडे पद्धत नाही. तुम्ही वाचनालयात का गेलात तेही त्याच दिवशी कळलं. म्हणून मी गप्प बसले आणि माणसं जमू दिली.

इथल्या काझींच्या बीबी मेहंदी लावायला आल्या होत्या. त्यांनी हात धरून हळूच सांगितलं, "बेटी, कुंवारी पोर गप्प राहिली तर होकार धरतात. पण जिचं लग्न एकदा झालंय, तिच्या तोंडून शब्द निघाल्याशिवाय निकाह होत नाही. शरियत अशी आहे. आमच्या साहेबांना पाठ आहे, पण ते सांगत फिरत नाहीत." आणि पुन्हा मेहंदी लावायला लागल्या.

मांडवात दीडशे माणूस. करीमभाई सेहरा बांधून, त्यांची पहिल्या बायकोची तीन पोरं रांगेत. काझींचा माणूस दोन साक्षीदार घेऊन पडद्यापाशी आला आणि विचारलं, हलीमा बिन्ते रमजान, करीम वल्द इस्माईल यांच्याशी निकाह कबूल? बाया नेहमीसारख्या माझ्या पाठीवर हात ठेवून हुंकार द्यायच्या तयारीत. मी म्हटलं, "नाही."

तो म्हणाला, ऐकू आलं नाही. मी म्हटलं, "कबूल नाही." मावशीने तोंडावर हात ठेवला, तो मी काढला. तीनदा विचारायची रीत आहे, म्हणून त्याला तिसऱ्यांदा विचारणं भाग पडलं. तिसऱ्या वेळी मी पडदा बाजूला करून म्हटलं, "मना निकाह तुम्ही मोडा, मी नही मोडा. हाऊ मले कबूल नही." मास्तर, दीडशे माणसांनी ऐकलं. बँड नव्हता.

काझीसाहेबांनी दोन्ही साक्षीदारांना विचारून घेतलं. मग सगळ्यांपुढे म्हणाले, शब्द निघाला, आता काही करता येत नाही. करीमभाई वाईट माणूस नाहीत. उठून म्हणाले, बाईने मांडवाआधी सांगितलं असतं तर पोरांना नवे कपडे शिवले नसते. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मी दहा वेळा सांगितलं होतं ते त्यांना आठवलं असावं.

सगळे गेल्यावर, लग्नासाठी धुळ्याहून आलेले बुढनचाचा विचारायला लागले, आता ही कोणाची? पहिला निकाह तुटला, दुसरा झाला नाही. मी म्हटलं, चाचा, तुमच्या हिशेबाने मी कुणाचीच नाही. कुणाची नसलेली बाई धुळ्याच्या मोटारीत बसली तर तिला कोण अडवणार? आईने माझं गाठोडं बांधायला घेतलं. म्हणाली, "जाय बेटी. तुना बाप चार दिन बोलाव नही. मंग बोली."

मी गुरुवारच्या मोटारीने येते. लोक काय म्हणतील ते म्हणतील, तुम्हाला सवय आहे आणि मला होईल. तुम्ही मला बायको म्हणायचं, मी तुम्हाला मास्तर म्हणेन, बाकीच्यांना काय म्हणायचं ते उपसमिती ठरवू दे. पुढच्या भाषणाआधी मात्र ते आधी मला म्हणून दाखवायचं, आणि मी मध्ये बोलणार.

मी येण्याआधी एक काम करा. पश्चिमेच्या भिंतीला तुम्ही पुस्तकांचं कपाट लावलंय, ते दक्षिणेला सरकवा. मला नमाजाला तोंड पश्चिमेकडे करायचं असतं.

हलीमा